लळा : तान्ह्या बाळाचे मन कसे गुंतते?

नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाबाहेर थांबलेले नातेवाईक आम्हास एक प्रश्न हमखास विचारतात : “बाळ इतके दिवस आईपासून दूर राहिले, तर त्याला तिचा लळा लागेल ना?” या प्रश्नाचे उत्तर देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचावे, या हेतूने प्रस्तुत माहिती देत आहोत.

लळा एका क्षणात जडत नाही आणि काही दिवसांच्या विरहाने तुटतही नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच हे नाते कायमचे ठरते, असा समज एके काळी होता. पुढील संशोधनात त्यास आधार मिळाला नाही. बाळ आईचा आवाज व गंध पहिल्या काही दिवसांतच ओळखू लागते; तरीही साधारण दोन महिन्यांपर्यंत ते कोणाच्याही कुशीत शांत होते. पुढे ओळखीच्या माणसाकडे पाहून अधिक हसते. सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास मात्र आई नजरेआड होताच रडते, परक्याकडे जात नाही. घरच्यांना हा हट्ट वाटतो. वस्तुतः लळा जडत असल्याची ती खूण होय.

हे सारे दुधामुळेच घडते, असे पूर्वी मानले जाई. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, स्थिर मायेवाचून मुलांच्या मनाची वाढ कशी खुंटते, हे दाखवून दिले. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन निरीक्षणे केली. बाळाला आईखेरीज घरातील इतरांचाही लळा लागतो, असे त्यांना आढळले. महत्त्वाचे असते ते रडण्याला मिळणारे वेळेवर व प्रेमळ उत्तर. म्हणूनच “उचलून घेऊ नका, सवय लागेल” हा सल्ला आम्ही पहिल्या वर्षात देत नाही.

कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळांसाठी हा स्पर्श जीवनदायीही ठरतो. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत अवलंबिल्याने मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडेही मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली.

ओवे व आसपासच्या गावांत पूर्वी बाळ अनेक हातांवर वाढे. सिडकोची नगरे वसली आणि दूरदूरची कुटुंबे येथे आली. आजी गावी, वडील कामावर आणि बाळंतीण घरात एकटी, असे चित्र आता अनेक घरांत दिसते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली. परंतु घरकाम वा रोजंदारी करणाऱ्या अनेक मातांच्या वाट्याला ती येत नाही. शिवाय ही रजा संपते, नेमके तेव्हाच बाळ परक्याला बुजू लागते. यास्तव पाळणाघरातील ताईंची ओळख आधीपासून हळूहळू करून द्यावी आणि सांभाळणारी व्यक्ती शक्यतो बदलू नये. एखाद्या मातेस बाळाविषयी ओढच वाटत नसेल, सतत रडू येत असेल, तर तिला दोष देऊ नये; ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते व उपचारांनी बरे होते.

औषधे व यंत्रे यांइतकीच बाळाला आईच्या सहवासाची गरज असते. आईला पाळण्याशेजारी बसता यावे म्हणून एक आरामखुर्ची, रात्री थांबता यावे म्हणून एक खाट, वडील व आजीलाही बाळाजवळ येऊ देणारा नियम, या गोष्टींना खर्च थोडा लागतो. आमच्या दानशूर हितचिंतकांनी यंत्रसामग्रीबरोबरच या साध्या सोयींचाही अगत्याने विचार करावा, ही नम्र विनंती.