शेजारच्या बांधावरचा पुरावा

सिडकोच्या वसाहती उभ्या राहण्याआधी मुकुंदवाडी हे शेतकऱ्यांचे गाव होते. आज ते छत्रपती संभाजीनगरच्या पोटात गेले आहे, तरी तिथे राहणाऱ्या कितीतरी घरांचा सातबारा अजून मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या शिवारात आहे. मुकुंदवाडी स्थानकातून निघणारा लोहमार्ग चिकलठाणा, करमाड, बदनापूर घेत जालन्याला जातो, आणि या पट्ट्यात शेतीच्या ज्ञानाला तोटा नाही. शहरात हिमायतबागेचे फळ संशोधन केंद्र आहे, कांचनवाडीला १९८० पासूनची 'वाल्मी' ही जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था आहे, पैठण रस्त्यावर कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला तुरीचे वाण देणारे संशोधन केंद्र आहे आणि जालन्याजवळ खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तरीही एकाच शिवारात एक जण रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरतो आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या रानात जुनीच पेरणी चालू राहते. हा फरक माहितीच्या कमी-जास्तीने उलगडत नाही. सातबाऱ्यावर नाव एकट्याचे असले, तरी नवी पद्धत घेण्याचा निर्णय सहसा एकट्याचा नसतो. भावकी, सोयरे, शेजारी आणि गट यांनी त्यातली जोखीम पेलण्याजोगी केली की तो होतो. हीच सामाजिक ताकद शेती तारते आणि कधी बुडवतेही. ती कोणत्या बाजूला झुकेल, हे गाव आपल्या पाण्याचा आणि खर्चाचा हिशेब एकत्र बसून मांडते का, यावर ठरते.

आधी पुरावा पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारले होते, की नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते? कोणत्याही स्रोताचा उपयोग झाल्याचे सांगणारी कुटुंबे जेमतेम ४० टक्के निघाली. इतर प्रगतिशील शेतकऱ्यांकडून माहिती घेणारे १६.७ टक्के होते, बी-बियाणे आणि औषधे विकणाऱ्या दुकानदाराकडून घेणारे १३.१ टक्के, आणि सरकारच्या विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारे अवघे ५.७ टक्के. हा प्रकार आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मका आला. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. या बियाण्याची पहिली बातमी सर्वाधिक लोकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरायचे हे मनाने घेतले ते शेजाऱ्यामुळे. ऐकणे आणि पेरणे यांच्यामध्ये कित्येक वर्षे गेली होती. बातमी दुकानातून येते, भरवसा मात्र बांधावर तयार होतो.

हा भरवसा कशाने तयार होतो, हे रुंद वरंबा सरीच्या उदाहरणात जवळून दिसते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने काळ्या जमिनींसाठी विकसित केलेल्या या पद्धतीत सोयाबीनच्या ठरावीक तासांनंतर एक सरी मोकळी सोडायची असते. पाऊस धो-धो पडला तर जादा पाणी सरीतून निघून जाते, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. बियाणे एकरी ३० किलोऐवजी २२ किलोच्या आसपास पुरते. कागदावर यात तोटा कुठेच नाही. पण पेरणीनंतर पंधरा दिवसांनी रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसते? मधेमधे मोकळी राहिलेली जमीन आणि विरळ उगवण. एवढे रान पडीक का ठेवले, असे पारावर विचारले जाते, घरातले वडीलधारे नाराज होतात. उतारा हाती येईपर्यंत तीन महिने हे सगळे सोसावे लागते. त्यातून तो हंगाम पावसानेच बिघडवला, तर दोष पावसाला कोणी देत नाही, नव्या पद्धतीला देतात आणि ती आणणाऱ्याला देतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी नुकसानीइतकीच नामुष्कीही खरी असते. दहा-बारा जणांनी मिळून पेरणी केली तर मात्र ती मोकळी सरी कोणा एकाचा वेडेपणा राहत नाही. यंत्र मिळून आणता येते आणि बिघाड कुठे झाला हे चार शेते शेजारी ठेवून पाहता येते.

फॉस्टर आणि रोझेन्झवाइग या अर्थतज्ज्ञांनी हरितक्रांतीच्या काळातल्या भारतीय गावांची आकडेवारी तपासून १९९५ मध्ये हेच दाखवले. शेजाऱ्यांच्या अनुभवामुळे नव्या वाणांतून मिळणारा फायदा वाढत होता. पण त्याच्या जोडीला प्रत्येक जण दुसऱ्याने आधी करून पाहण्याची वाटही पाहत होता. म्हणजे पहिल्याने जोखीम घ्यायची आणि शहाणपण सगळ्या गावाने घ्यायचे. या पहिल्याचा भार कोणी वाटून घेतला नाही, तर चांगली पद्धतही वर्षानुवर्षे खोळंबते. शेजारी म्हणजे कोण, हा त्यापुढचा प्रश्न. अर्थतज्ज्ञ कैवान मुन्शी यांनी २००४ च्या अभ्यासात दाखवले, की गहू पिकवणारे एकमेकांचे बघून जितके शिकले तितके भात पिकवणारे शिकले नाहीत, कारण भाताचे नवे वाण जमिनीच्या बारीकसारीक फरकांनुसार कमी-जास्त उतरत होते. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या प्रयोगातही शेतकऱ्यांना सर्वाधिक पटला तो आपल्यासारख्याच परिस्थितीतला शेतकरी. आपल्याकडे पुरस्कारप्राप्त बागायतदाराच्या फार्मवर सहली काढल्या जातात. तीन एकर हलक्या जमिनीचा धनी तिथून थक्क होऊन परततो, पण स्वतःच्या शेतात काही बदलत नाही. त्याला हवा असतो तीन एकरवालाच. जालना रस्त्यावरच्या पट्ट्यात याची चांगली उलट उदाहरणेही आहेत. बदनापूरच्या तुरीचे बियाणे घरचे राखता येते, म्हणून ते सोयऱ्याधायऱ्यांतून गावोगाव पोचू शकते. खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला चर्चासत्र भरते, आणि शेतकरी तिथे शास्त्रज्ञांचे ऐकतात तसे एकमेकांचेही ऐकतात.

याच खरपुडीच्या आधाराने कडवंची उभी राहिली. जालना जिल्ह्यातल्या या गावात विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या पुढाकाराने आणि इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून नव्वदच्या दशकात कामे झाली. या कार्यक्रमाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. नकाशा कार्यालयात बसून आखायचा नाही, प्रत्येक शेतावर तिथल्या कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार ठरवायचा, आणि श्रमदानाचा वाटा गावाने उचलायचा. बांध कोणाच्या रानातून जाईल, पाणी कोणाच्या विहिरीला मुरेल, हे प्रश्न पाणलोटात एकट्याला सुटतच नाहीत. पाणी मुरले, मग द्राक्षे आली, ठिबक आले, शेततळी आली. गावात छाटणीपासून फवारणीपर्यंतचे ज्ञान घराघरांत पोचले.

इथे पहिला आक्षेप येतो, की हे सगळे शेवटी पैशाचे गणित आहे, पाणी, भांडवल आणि भाव असेल तर शेतकरी आपोआप बदलतो. आक्षेपात तथ्य आहे. भाव नसलेले पीक कुठल्याही गटाने तगवता येत नाही. पण हे गणित प्रत्येक घर आपापल्या परीने मांडते, आणि त्यातल्या काही रकमा बाजारात दिसत नाहीत. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली आणि खरिपात पसरली. रब्बीत मात्र मोहोळची मालदांडी आजही टिकून आहे, कारण भाकरीची चव आणि जनावरांना लागणारा कडबा यांचा हिशेब बाईमाणसाने आणि गोठ्याने ठेवला होता. ज्याला रूढीप्रियता म्हणून हिणवले जाते, ती पुष्कळदा अशी पूर्ण बेरीज असते. शिवाय योजना सगळीकडे सारखी असूनही शेजारशेजारच्या गावांत तिचे फळ वेगळे का येते, याचा खुलासा नुसत्या पैशाच्या गणितातून होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बघून बघून केलेली शेती कळपाच्या वाटेने जाते. मानवशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी तेलंगणातल्या वरंगळच्या कापूस उत्पादकांत हेच नोंदवले. तिथे बियाण्याच्या ब्रँडच्या लाटा येत होत्या आणि जात होत्या, आणि त्यांच्यामागे कोणाचाही नीट तपासलेला अनुभव नव्हता. आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे येई. ते कडेने लावले तर बोंडअळीत प्रतिकारशक्ती यायला उशीर लागतो. पण त्याचा लाभ सगळ्या शिवाराला आणि खर्च एकट्याला, म्हणून ते पाकीट बहुतेक ठिकाणी बांधावरच पडून राहिले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. शेततळ्यांचेही असेच. पावसाचे वाहते पाणी अडवायचे तळे अनेक गावांत विहिरीतून आणि बोअरमधून उपसलेले पाणी साठवायचे भांडे झाले. एकाने भूजल वर काढून प्लास्टिकवर साठवले की शेजाऱ्यालाही तेच करावे लागते, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने गमावलेले पाणी सगळ्या गावाचे असते. अनुकरण इतक्या वेगाने पसरते, मात्र त्यात एकत्र ठरवलेला नियम नसतो.

म्हणून या आक्षेपाचे उत्तर शेतकऱ्याला एकटे पाडून मिळणार नाही, ते समाजाला हिशेबी करून मिळेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले. पर्जन्यछायेतल्या या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर बंदी घातली. किती पाऊस पडला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात रब्बीला काय पेरता येईल, हे गाव दरवर्षी जाहीरपणे मांडते. तिथे पीक निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचाच राहतो, पण सगळ्यांच्या समोर मांडलेल्या आकड्यांच्या मर्यादेत.

तिसरा आक्षेप वगळण्याचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. गाव म्हणजे सगळे गाव नसते. बैठकीचे निमंत्रण जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला जाते, खुरपणी करणारी बाई आणि बटाईने कसणारा माणूस बाहेर राहतो. पारावरच्या गप्पा जातीच्या वेशीपाशी थांबतात, आणि गायरान कसणाऱ्याच्या बांधावर कोणी प्रात्यक्षिक घेत नाही. यावरची वाटही मराठवाड्यानेच दाखवली आहे. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने धाराशिव आणि लातूर भागात बायकांना घरच्या जमिनीतला सुमारे एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळवून दिला. दुष्काळात नगदी पिके गेली, तेव्हा त्या एकरातल्या भाज्यांनी, कडधान्यांनी आणि धान्याने घर जगवले. एकेकटीने सासऱ्याकडे एकर मागितला असता तर मिळाला असता का, याची शंका आहे. बचत गट पाठीशी होता म्हणून तो मागता आला.

फोनवरच्या गटांमुळे आता कीडरोगाचा सल्ला क्षणात मिळतो, पण चुकलेल्या फवारणीचा भार तो गट वाटून घेत नाही. समोरासमोरच्या संघटनेला त्यामुळे पर्याय नाही. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने ग्राम समित्या आणि शेतीशाळा यांना मध्यवर्ती जागा दिली, पानी फाउंडेशनने २०२२ पासून फार्मर कपमधून गटशेतीची चुरस लावली. सावड आणि इर्जिक या एकमेकांच्या शेतात मिळून राबण्याच्या रीती ज्या मातीत होत्या, तिथे हे नवे रोप परके नाही. मात्र अनुदान मिळवण्यापुरता नोंदवलेला गट आणि पेरणीआधी एकत्र बसणारा गट यांत शासनाने फरक करायला हवा. पहिला प्रयोग करणाऱ्याच्या नुकसानीची तरतूद हवी, प्रात्यक्षिक लहान आणि हलक्या जमिनीवर हवे, आणि यादीत कसणाऱ्याचे नाव हवे. दिवाळी झाली की रब्बीची पेरणी तोंडावर असते. शहरात राहून गावी जमीन असणाऱ्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे, की या वेळी बटाईदाराला नुसता उतारा विचारू नका. गावाच्या पाण्याच्या हिशेबाला त्याच्यासह बसा, आणि नवे काही करून पाहायचे असेल तर त्यातल्या तोट्याचा अर्धा वाटा आधीच कबूल करा.