कृत्रिम खुबा आणि बाळंतपण

खुब्याचा सांधा बदलणं म्हणजे म्हातारपणाचं ऑपरेशन, हा समज अर्धाच खरा. सिकलसेलमुळे (विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो), संधिवाताने किंवा स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने मांडीच्या हाडाचा गोळा पंचविशीतही निकामी होतो. मग कृत्रिम सांधा बसतो आणि पुढे प्रश्न येतो, बाळंतपण झेपेल?

बहुतेकींना झेपतं.

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. म्हणजे गरोदरपणात वाढलेले 10-12 किलो सांध्याला तीसेक किलोंसारखे जाणवतात, जांघ दुखते. पण नुसता कृत्रिम सांधा आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. जपायचं ते पाय ठेवण्याच्या पद्धतीला: गुडघा छातीकडे फार ओढून पाय आत वळला, तर गोळा वाटीतून निसटू शकतो. उकिडवं बसण्याचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंना हे आधीच सांगितलेलं बरं!

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांची गोष्ट वेगळी. त्यांतून झिजलेलं कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं आणि कमी प्रमाणात का होईना, वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. अशा सांध्यांचं एक नावाजलेलं मॉडेल 2010मध्ये जगभरातून परत मागवावं लागलं. आपला सांधा कोणत्या प्रकारचा, हे ऑपरेशनच्या कागदपत्रांत सापडतं. ती फाईल पहिल्याच तपासणीला प्रसूतितज्ज्ञांना दाखवा.