रेन बेटावरच्या माद्या

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात रेन नावाचं चिमुकलं बेट आहे. क्षेत्रफळ साधारण ३२ हेक्टर. हिरव्या समुद्री कासवांचं जगातलं सर्वांत मोठं विणीचं ठिकाण मात्र हेच. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी इथे ड्रोन उडवला, तेव्हा अंडी घालण्यासाठी बेटाभोवती जमलेल्या कासवांचा आकडा निघाला सुमारे ६४,०००!

एवढ्या गर्दीची मोजणी करायची कशी? रात्री वाळूत चढलेल्या माद्यांच्या पाठीवर निर्धोक पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा. मग पाण्यात पट्टेवाली किती आणि बिनपट्ट्याची किती हे पाहायचं आणि त्या प्रमाणावरून एकूण संख्या काढायची. पूर्वी हे काम होडीतून चालायचं. पण होडीतल्या माणसाला पांढरा पट्टा चटकन दिसतो, साधं कासव नजरेतून निसटतं. ड्रोनची चित्रफीत शांतपणे तपासल्यावर कळलं, की खरी संख्या जुन्या अंदाजांच्या पावणेदोन पटींच्या आसपास होती.

ही कासवं इथे येतात, कारण त्यांचा जन्म याच परिसरातला. हिरव्या कासवाला वयात यायला पंचवीस ते चाळीस वर्षं लागतात. एवढा काळ दूरदूरच्या समुद्रांत घालवून मादी आपल्या जन्माच्या मुलखात परतते. वाट कशी सापडते, याचा एक पुरावा फ्लोरिडात मिळाला. केनेथ लोहमान आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन हिरवी कासवं पाण्याच्या टाकीत सोडली आणि विजेच्या वेटोळ्यांनी टाकीभोवती कृत्रिम चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं. सुमारे ३४० किलोमीटर उत्तरेकडचं क्षेत्र दिलं, तर कासवं दक्षिणेकडे पोहू लागली. तेवढ्याच अंतरावरचं दक्षिणेकडचं दिलं, तर उत्तरेकडे. टाकी होती तिथेच होती. आपण कुठे आहोत हे ती पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ओळखत होती! २००४ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आजही थक्क करतो.

पण मादी ज्या वाळूकडे परतते, ती वाळू आणखी मोठं काही ठरवते. नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं या कासवांत नसतात. अंडी वाळूत साधारण दोन महिने उबतात आणि त्यातल्या मधल्या एक-तृतीयांश काळात वाळू किती तापली आहे, त्यावर पिल्लाचं लिंग ठरतं. सुमारे २९ अंशांना नर-मादी निम्मे-निम्मे. त्याहून गार वाळूत नर वाढतात, उष्ण वाळूत माद्या. आपल्या कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही तापमानाचा हाच नियम लागू आहे.

आता त्या ६४,००० कडे पुन्हा पाहा. किनाऱ्यावरची मोजणी म्हणजे माद्यांची मोजणी. नराला वाळूत येण्याचं कारणच नसतं. म्हणजे नर कमी होत चालले, तरी घरट्यांच्या आकड्यांत ते अनेक वर्षं उमटणार नाही. पिल्लांकडे पाहून नर-मादी ओळखताही येत नाही; नराची लांब शेपटी वयात आल्यावरच दिसते. म्हणून मायकेल जेन्सन, कॅमरिन ॲलन आणि सहकारी चरायच्या जागी गेले. तिथे सगळ्या वयाची कासवं असतात, पण वेगवेगळ्या किनाऱ्यांवर जन्मलेली. त्यांच्या जनुकांवरून जन्माचा किनारा शोधला, रक्तातल्या संप्रेरकांवरून लिंग. २०१८ साली निष्कर्ष आला. उत्तरेच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या प्रौढ कासवांत माद्या ८६.८ टक्के, त्यांच्याहून लहान, अर्धप्रौढ कासवांत ९९.८ टक्के आणि किशोर कासवांत ९९.१ टक्के. दक्षिणेच्या गार किनाऱ्यांवरचं प्रमाण ६५ ते ६९ टक्के. वयांमधला हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वाळू तापत गेल्याचा इतिहास आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हिरवं कासव ‘संकटग्रस्त’ गटातून थेट ‘कमीत कमी चिंता’ या गटात आलं. १९७० च्या दशकापासून जगभरातली संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढली आहे. हे यश खरं आहे आणि घामाचं आहे: किनाऱ्यांवरचे पहारे, अंड्यांच्या चोरीला आळा, कासवांना निसटता यावं अशी सोय असलेली मासेमारीची जाळी. रेन बेटावर भरतीच्या पाण्यात अंडी गुदमरत होती, तेव्हा यंत्रांनी वाळू सरकवून किनारा उंच केला गेला. माद्या कड्यावरून पडून उलट्या होत आणि उन्हात मरत, म्हणून कुंपणं घातली गेली. बेटाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्कदार वुथाथी आणि मेरिअम लोक या कामात सोबत आहेत.

पण नरांच्या टंचाईचा प्रश्न उरतोच. नर मादीइतकेच लागतात असं नाही. मादी दोन-चार वर्षांनी एकदा विणीला येते. नर त्याहून अधिक वेळा येतो आणि एका हंगामात अनेक माद्यांशी मीलन करतो. म्हणून थोड्या नरांवरही भागू शकतं, पण शंभरात एकावर भिस्त ठेवणं फार धोक्याचं. ऑस्ट्रेलियातले संशोधक म्हणूनच घरट्यांवर सावली धरून आणि वाळूवर पाणी शिंपडून पाहत आहेत. यात निसर्गाची एक सवलत आहे: घरटं पूर्ण दोन महिने गार ठेवायची गरज नाही. मधले वीसेक दिवस वाळू एक-दोन अंशांनी उतरली, तरी त्या घरट्यातून नर बाहेर पडू शकतात.