जिन्झू खोऱ्यातील कॅडमियम प्रदूषण

जिन्झू खोऱ्यातील कॅडमियम प्रदूषण हे जड धातू नदीच्या गाळातून शेतजमिनीत पसरल्याचे जपानमधील ठळक उदाहरण होय. जिन्झूच्या ताकाहारा या उपनदीकाठी कामिओका ही जस्त व शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम अल्प प्रमाणात असते. खनिज शुद्ध करताना उरणाऱ्या टाकाऊ गाळासोबत ते नदीत मिसळले. मातीच्या बारीक कणांना ते चिकटून राहते, त्यामुळे वरचे पाणी नितळ दिसले तरी धोका टळत नाही. तोयामाच्या मैदानात पाटाच्या पाण्याबरोबर हा गाळ वर्षानुवर्षे भातखाचरांत साचला. खाचरातील पाणी काढल्यावर मातीला हवा लागते, कॅडमियम विरघळते आणि भाताची मुळे ते शोषून घेतात.

हा भात खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयातील स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. साध्या खोकल्यानेही बरगडी मोडत असे. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रुग्णांचे कण्हणेच रोगाचे नाव झाले. १९६८ मध्ये जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. खाचरांतील दूषित थर गाडून वर स्वच्छ माती पसरण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले. खाणकाम त्याआधीच, २००१ मध्ये, थांबले होते.