करार संपतो, क्लब संपत नाही

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर या मराठीभाषी तालुक्यांचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. जो ज्या काठचा, तो त्या बाजूचा. त्या रक्तपाताचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. परंतु माणसाची बाजू बहुधा जन्मच ठरवितो, हे त्यावरून ध्यानी येते. फुटबॉलपटूचे तसे नाही. त्याची बाजू करारपत्र ठरविते, आणि तरीही ती पुष्कळदा जन्माची होऊन बसते.

चुनी गोस्वामी यांची सारी क्लब-कारकीर्द मोहन बागानमध्ये गेली. २०२० साली त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांच्या नावाआधी लोकांना क्लबचेच नाव आठवले. आपल्या गोव्याचे डेरिक परेरा साळगांवकरकडून खेळले. पुढे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि २०१३ साली ते साळगांवकरचे प्रशिक्षक म्हणून परतले. खेळाडू क्लब सोडतो, पण क्लब त्याला सोडत नाही, तो असा.

पण क्लबच उरला नाही तर? महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी २०११ साली. २०१६ साली लीगच्या नव्या रचनेस विरोध म्हणून साळगांवकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळविणारा धेंपो तेथे परतावयास २०२४ साल उजाडले. कंपनीच्या हिशेबवहीत संघ ही खर्चाची एक बाब असते. ज्याने त्या रंगाची जर्सी घालून गुडघे फोडून घेतले, त्याचे मात्र ते तारुण्य असते.

धनिकांनी तोटा सोसतच राहावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु संघ झेपत नसेल तर तो सभासदांच्या व जुन्या खेळाडूंच्या हाती सोपवावा, निदान नाव आणि मुलांचे संघ तरी राखावेत. मोहन बागानच्या नावामागे जोडलेली ‘एटीके’ ही अक्षरे समर्थकांच्या विरोधानंतर २०२३ साली काढावी लागली. नाव हे मालकाचे एकट्याचे नसते, हे तेथे सिद्ध झाले. गोव्यानेही तो धडा घ्यावा. म्हाताऱ्या खेळाडूला टाळ्या वाजविण्यासाठी आपला संघ मैदानात दिसावा, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.