शहाद्याची पपई: बीटा-कॅरोटीनच्या शोषणात गाजराच्याही पुढे!

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हटलं की साखर कारखाना आणि ऊस आठवतो. पण आपल्या तालुक्याची पपईही काही कमी नाही! २०१४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये आलेला एक अभ्यास जरूर माहीत असावा. १६ जणांना आलटून पालटून गाजर, टोमॅटो आणि पपई खायला देऊन रक्त तपासलं. पपईतलं बीटा-कॅरोटीन गाजर-टोमॅटोच्या सुमारे तिप्पट शोषलं गेलं, तर लायकोपीन हे लाल रंगद्रव्य टोमॅटोच्या २.६ पट. बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं, डोळ्यांसाठी मोलाचं. लायकोपीन मात्र लाल गराच्या पपईतच भरपूर. दोन्ही स्निग्धांशासोबत चांगली शोषली जातात, म्हणून पपई जेवणासोबत खा. गरोदर बायकांनी कच्ची पपई टाळावी. बांधावरची पिकलेली पपई आधी घरच्या लेकरांना द्या, मग बाजारात पाठवा.