दख्खनची पत्रे : शाहजाद्याला वडिलांचा सल्ला

मागच्या लेखात मीर जुमल्याचे प्रकरण आले होते. गोवळकोंड्याच्या या बलाढ्य वजिराने मोगलांशी संधान बांधले, तेव्हा चिडलेल्या अब्दुल्ला कुतुबशहाने नोव्हेंबर १६५५ मध्ये त्याचा मुलगा मुहम्मद अमीन याला कैदेत टाकले. दख्खनचा सुभेदार औरंगजेब अशा निमित्ताची वाटच पाहत होता. त्याने आपला थोरला मुलगा मुहम्मद सुलतान याला नांदेडच्या वाटेने पुढे धाडले. पोरगा १६ वर्षांचा.

या मुलाला औरंगजेबाने लिहिलेली पत्रे ‘आदाब-ए-आलमगिरी’ या संग्रहात आहेत. त्यांतल्या एकात त्याने शाहजाद्याची दिनचर्याच आखून दिली आहे. मुक्काम असो वा कूच, सूर्योदयाआधी ३ घटका उठायचे. २ घटकांत स्नान आवरून नमाजासाठी बाहेर यायचे, मग कुराण वाचायचे. अकबरनामा वाचायचा, म्हणजे बोलण्या-लिहिण्याला वळण लागेल. अर्थ पुरता कळल्याशिवाय कोणताही शब्द लिहिण्यात वापरायचा नाही. मुलाच्या घडणीची इतकी बारीक काळजी वाहणारे वडील त्या काळच्या राजघराण्यांत मला फारसे दिसत नाहीत.

आणि याच हाताने गोवळकोंड्याच्या स्वारीचे पत्र लिहिले. त्यातला सल्ला असा : कुतुबशहा भित्रा आहे, तो बहुधा लढणार नाही. तोफखाना लावून त्याचा वाडा घेरावा आणि किल्ल्याकडे पळायची वाट अडवावी. मात्र त्याआधी पारखलेला माणूस पाठवून निरोप द्यावा, की तुम्ही भेटीला याल, पाहुणचार कराल अशी आशा होती. तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच आलो. निरोप पोचताच तुटून पडावे आणि जमल्यास त्याचे शिर उतरवावे.

पाहुणचाराच्या बोलीआड रचलेला हा खून आहे. मोहिमेचे डावपेच म्हणून त्यावर पांघरूण घालता येणार नाही.

बेत फसला. मुहम्मद अमीनची सुटका झाली होती, पण त्याची मालमत्ता परत मिळाली नाही, एवढे कारण पुरेसे ठरले आणि फौज पुढे सरकत राहिली. २२ जानेवारी १६५६ च्या रात्री कुतुबशहा भागानगर (आजचे हैदराबाद) सोडून गोवळकोंड्याच्या किल्ल्यात शिरला. दुसऱ्या दिवशी शाहजादा हुसेनसागरापाशी पोचला, शहर लुटले गेले. फेब्रुवारीत औरंगजेब स्वतः आला आणि किल्ल्याला वेढा पडला. मार्चअखेर शाहजहानच्या हुकमाने तो वेढा त्याला उठवावा लागला. शाहजहानचा हा हात त्याने आधीही अनुभवला होता. १६५२ मध्ये तो कंदाहारला झुंजत होता आणि बादशहा काबूलमध्ये बसून सूत्रे हलवत होता. अपयशाचा ठपका मात्र मुलावर आला. तो जाच सोसलेल्या औरंगजेबाने स्वतःच्या मुलाच्या तोंडचा निरोपसुद्धा आपणच रचून द्यावा, याचे मला फार वाईट वाटते. उठण्याच्या घटकेपासून वार करण्याच्या क्षणापर्यंत सगळे ठरलेले. मुलाने स्वतः ठरवावे असे काहीच उरले नव्हते.

तहात कुतुबशहाची मुलगी मुहम्मद सुलतानला दिली गेली. ३ वर्षांनी, गादीसाठी औरंगजेब आणि त्याचा भाऊ शुजा यांच्यात पेटलेल्या बंगालच्या लढाईत, त्याच्या शेजारी सेनापती होता मीर जुमला, म्हणजे ज्याच्यासाठी ही स्वारी झाली तोच. त्याच्या तंत्राने चालणे शाहजाद्याला सोसवेना. जून १६५९ मध्ये एका रात्री तो शत्रूच्या, म्हणजे चुलता शुजाच्या, छावणीत निघून गेला आणि तिथे शुजाच्या मुलीशी लग्न केले. काही महिन्यांनी परतला, तेव्हा औरंगजेबाने त्याला कैद केले आणि पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले.